अंबाजोगाईच्या रेखांशावरचा समुद्रतळ

नकाशावर अंबाजोगाईवर बोट ठेवावं आणि सरळ दक्षिणेकडे न्यावं. मांजरा ओलांडली की लातूर जिल्हा लागतो, मग कर्नाटक. चित्रदुर्गचा किल्ला जवळजवळ याच रेघेवर आहे. पुढे घाट उतरून केरळ, आणि अलप्पुळाच्या आसपास जमीन संपते. त्यानंतर थेट अंटार्क्टिकापर्यंत वाटेत एकही गाव नाही. विषुववृत्त मागे टाकून दहा अंश दक्षिणेला पोचलं, की गाव तीन हजार किलोमीटरांहून जास्त मागे राहिलेलं असतं आणि खाली पाण्याची खोली पाच हजार मीटरच्या पुढे गेलेली असते. तिथल्या मऊ गाळावर मुठीत मावतील असे काळे गोळे विखुरलेले आहेत. त्यांत मँगनीज आहे, निकेल आहे, तांबं आणि कोबाल्ट आहे. आपल्या रेखांशाच्या अगदी जवळ, त्या गाळाच्या एका पट्टीवर, १९९७ साली भारताने जाणूनबुजून एक जखम केली. खाणकाम झालं तर या तळाचं काय होईल, हे समजून घेण्यासाठी ती केली होती.

त्या जखमेचा हिशेब गोव्यातल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं ठेवला. खोल समुद्रातल्या खाणकामावर आज जगभर वाद चालू आहे. वर्तमानपत्रांत ‘समुद्रयान’, ‘मत्स्य ६०००’, ‘डीप ओशन मिशन’ अशी नावं येतात आणि मराठी वाचक ती अभिमानाने वाचतो. अभिमान वाटावा असं त्यात पुष्कळ आहे. पण गोव्यातला तो हिशेब मात्र मराठीत फारसा कुणी मांडलेला नाही. हा लेख त्यासाठी आहे.

आधी क्षेत्राचा आवाका पाहू. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात ७५,००० चौरस किलोमीटर समुद्रतळावर खनिजांचा शोध घेण्याचा अधिकार भारताकडे आहे. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, म्हणजे असे सात जिल्हे त्यात बसतात. अख्खा मराठवाडा चौसष्ट-पासष्ट हजारांच्या घरात, तोही त्याहून लहान पडतो. हा तळ भारताच्या मालकीचा मात्र नाही. तो कोणत्याच देशाच्या मालकीचा नाही. करार फक्त शोधाचा आहे, उपसण्याचा नाही. हा फरक बातम्यांत नेहमी पुसला जातो, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

अंबाजोगाईत बसून समुद्रतळाची चिंता कशाला, असं कुणी विचारेल. सर्वांत जवळचा किनारा सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर लांब आहे. तरी समुद्र आमच्या गावात दोन वाटांनी येतो. जूनमध्ये तो ढगांतून येतो, किंवा येत नाही, आणि मग आमचं वर्ष त्यावर ठरतं. दुसरी वाट योगेश्वरीची. देवी मूळची कोकणातली, परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगड होऊन इथेच थांबलं अशी कथा आहे. हत्तीखान्याच्या लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. तिच्या कुळाचाराला आजही कोकणातली कुटुंबं येतात, तेव्हा देवळाच्या आवारात समुद्राकाठची बोली कानावर पडते. समुद्रतळ खरवडल्याने आमचा पाऊस बिघडेल असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणायला आधार नाही, आणि भीती घालून पटवलेली गोष्ट टिकत नाही. माझं कारण साधं आहे. हे काम भारताच्या नावावर, आपल्या करातून चाललं आहे. त्याचं बरंवाईट कळायला किनाऱ्यावर राहण्याची गरज नाही.

या सगळ्याची सुरुवात गोव्यातून झाली. १९६० ते १९६५ या काळात जगातल्या अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. त्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि पुढे दोनापावलच्या टेकडीवर स्थिरावली. संस्थेकडे ‘गवेषणी’ नावाचं जहाज होतं, १९७६ साली दाखल झालेलं. मुळात गाळ वाहून नेण्यासाठी बांधलेलं, नंतर संशोधनासाठी बदलून घेतलेलं. भूवैज्ञानिक डॉ. एच. एन. सिद्दिकी यांच्या नेतृत्वाखाली या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळातून पहिले गोळे वर काढले. त्याच वर्षी महासागर विकास विभाग स्थापन झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. एका देशाच्या आयुष्यात असं वर्ष क्वचित येतं. साधनं तुटपुंजी होती, आणि समोर होता जगातला तिसरा मोठा महासागर. त्या पिढीबद्दल मला मनापासून आदर आहे.

१७ ऑगस्ट १९८७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत भारताची ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून नोंद झाली आणि दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र पाहणीसाठी मिळालं. असा दर्जा मिळवणारा भारत पहिला देश. ‘सागर कन्या’सारख्या जहाजांनी ते क्षेत्र चाळून काढलं आणि त्यातलं निम्मं परत करून उत्तम ते ७५,००० ठेवलं. २५ मार्च २००२ रोजी जमैकातल्या किंग्स्टन इथल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी पंधरा वर्षांचा करार झाला, त्याला २०१७ आणि २०२२ मध्ये पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. सरकारी अंदाजाप्रमाणे या क्षेत्रात ३८ कोटी टन गोळे आहेत. त्यांत ४७ लाख टन निकेल, ४२.९ लाख टन तांबं, साडेपाच लाख टन कोबाल्ट आणि सव्वानऊ कोटी टनांहून अधिक मँगनीज. आकडे मोठे आहेत. ते वाचून कुणाच्याही मनात पहिला विचार ‘काढूया’ हाच येईल.

पण हे गोळे बनतात कसे, ते पाहिलं की विचार थांबतो. तळाच्या गाळावर एखादा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, खडकाचा तुकडा किंवा कधीकाळच्या शार्कचा दात पडून राहतो. पाण्यात विरघळलेले धातू त्याच्याभोवती थरावर थर बसत जातात. वाढीचा वेग दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. आजच्या मुठीएवढ्या गोळ्याचा पहिला थर बसला, तेव्हा माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर नव्हता. आसपासचा गाळसुद्धा हजार वर्षांत काही मिलिमीटरच साचतो. वाळू उपसलेल्या नदीत पुराबरोबर निदान थोडी वाळू परत येते, इथे तसं काही येणार नाही. शिवाय त्या मऊ गाळात टणक पृष्ठभाग म्हणून जे काही आहे ते हे गोळेच. स्पंज, प्रवाळाचे दूरचे नातलग, इतर चिकटून राहणारे जीव त्यांच्यावरच बसतात. हवाई बेटांजवळच्या खोल पाण्यात २०१६ साली सापडलेला एक पांढुरका, भुतासारखा दिसणारा ऑक्टोपस ‘कॅस्पर’ या नावाने प्रसिद्ध झाला. अशा खोल पाण्यातल्या ऑक्टोपसच्या माद्या गोळ्यांवर वाढलेल्या स्पंजांच्या मेलेल्या देठांना अंडी चिकटवतात आणि त्यांची राखण करत बसतात, असं संशोधकांना पूर्व प्रशांत महासागरात दिसलं. गोळे उचलले की स्पंज गेले, आणि स्पंज गेले की अंडी घालायची जागाच गेली.

आता १९९७ च्या प्रयोगाकडे येतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव ‘इंडेक्स’. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. राहुल शर्मा यांनी त्याची धुरा वाहिली. तळातल्या प्राण्यांच्या अभ्यासात डॉ. बबन इंगोले आणि त्यांचे सहकारी होते. आधी दोन वर्षं त्या जागेची मूळ स्थिती नोंदवली गेली: गाळाचा प्रकार, त्यातली रसायनं, जिवाणू, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कृमी, त्याहून मोठे प्राणी, तळालगतचे प्रवाह. मग १९९७ मध्ये ‘युझमोरगेओलोगिया’ या रशियन जहाजावरून एक यंत्र तळापर्यंत सोडलं. ३,००० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्टीवर ते २६ वेळा ओढलं. यंत्र गाळ ढवळून वर खेचायचं आणि तळापासून काही मीटर उंचीवर पुन्हा पाण्यात सोडून द्यायचं. सुमारे सहा हजार घनमीटर गाळ अशा रीतीने उधळला गेला. मग तो गाळ कुठे कुठे बसतो, काय काय गाडतो, आणि किती वर्षांनी तिथे पुन्हा जीव वस्तीला येतात, याच्या नोंदी सुरू झाल्या. जहाजं पुन्हा पुन्हा त्याच जागी गेली. २००५ पर्यंत हे काम चाललं.

काय दिसलं? ढवळल्यानंतर लगेच तळातल्या प्राण्यांची संख्या घटली. पट्टीच्या बाहेर, जिथे यंत्र गेलंच नव्हतं तिथेही गाळाचा थर बसला. पुढच्या वर्षांत काही जीव हळूहळू परतू लागले, काही मोजमापं मूळ स्थितीच्या दिशेने सरकली. पण सगळं पूर्ववत झालं असं म्हणता येईल अशी स्थिती आली नाही. हे सगळं झालं एका छोट्या पट्टीवर, गोळे न उचलता. चारी बाजूंना अस्पर्शित तळ होता, तिथून जीव परतू शकत होते.

यावर मी एक हिशेब करून पाहिला. तो माझा आहे, संस्थेचा नाही. एका चौरस मीटरवर पाच किलो गोळे धरले, तर दहा लाख टन गोळ्यांसाठी २०० चौरस किलोमीटर तळ खरवडावा लागेल. यंत्राबरोबर वरचा दहा सेंटीमीटर गाळ हलतो असं धरलं, तर दोन कोटी घनमीटर गाळ. इंडेक्समध्ये हलला त्याच्या तीन हजारपटींहून जास्त. आणि दहा लाख टन हा मोठ्या व्यापारी खाणीचा आकडा नव्हे. त्यासाठी वर्षाला याच्या कितीतरी पट उपसावं लागेल, वीस-वीस वर्षं.

गाळ उधळला म्हणजे नेमकं काय बिघडतं, हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. अंबाजोगाईपासून पंचवीसेक किलोमीटरवर परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथल्या राखेचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे. राख तळ्यातून निघते, ट्रकांतून सांडते, वाऱ्याने उडते आणि ज्या शेतकऱ्याचा विजेच्या त्या युनिटशी काही संबंध नाही त्याच्या कापसावर बसते. खोल समुद्रात वाऱ्याच्या जागी तळप्रवाह आहेत. तिथलं पाणी जगातल्या सर्वांत नितळ पाण्यांपैकी आहे. वरून झिरपत येणारे अन्नाचे कण गाळून खाणारे प्राणी त्या नितळपणावर जगतात. अन्न इतकं कमी की कित्येक प्राणी अत्यंत संथ वाढतात आणि उशिरा वितात. त्यांच्या अंगावर बसलेला दोन मिलिमीटरचा थर धुऊन काढायला पाऊस नाही. आणि उधळण एकदाच होत नाही. गोळे पाइपमधून जहाजावर आले की त्यांच्यासोबतचं गढूळ पाणी परत समुद्रात सोडावं लागतं. ते मधल्या थरात सोडलं, तर तिथल्या माशांचं आणि जेलीफिशचं जग गढूळ होतं. यंत्राचा आवाज वेगळा. अंधारात ज्यांना आवाज हीच दिशा असते, अशा प्राण्यांपर्यंत तो लांबवर पोचतो.

इंडेक्स हा असा एकमेव प्रयोग नव्हता. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या समुद्रात चार हजार मीटरहून खोल तळावर नांगरासारखं अवजार ७८ वेळा ओढलं. २०१५ मध्ये ते पुन्हा गेले तेव्हा तास जसेच्या तसे होते, कॅमेऱ्यात ताजे वाटावेत इतके. जिवाणूंचं कामसुद्धा मंदावलेलं होतं, आणि ते पूर्ववत व्हायला निदान अर्धं शतक लागेल असा अंदाज निघाला. प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात १९७९ साली खाणयंत्राची चाचणी झाली होती. चव्वेचाळीस वर्षांनंतरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. यंत्राचे माग स्पष्ट दिसत होते. काही लहान, हिंडते-फिरते प्राणी परतले होते, पण मोठे आणि एका जागी चिकटून राहणारे प्राणी मागांमध्ये फार दुर्मीळ. खाणकामाचे समर्थक यातल्या ‘काही परतले’ या वाक्यावर भर देतात. वाक्य खरं आहे, त्याचं वजनही मान्य करायला हवं. पण परतले ते गाळात राहणारे. गोळ्यावर राहणारे परतणार कुठे, गोळाच नाही.

त्याच क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यातल्या प्राण्यांच्या नोंदी २०२३ मध्ये एकत्र मांडल्या गेल्या. अंदाजे साडेपाच हजार जाती, आणि त्यांतल्या सुमारे नव्वद टक्क्यांना विज्ञानाने अजून नावही दिलेलं नाही. एखाद्या तालुक्यातली नव्वद टक्के कुटुंबं सातबाऱ्यावर नसताना तिथे भूसंपादन करावं, तशातला हा प्रकार.

हिंदी महासागरातला एक जीव मात्र नावानिशी ठाऊक आहे आणि त्याची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मध्य हिंदी महासागरातल्या डोंगररांगेवर, समुद्रतळातून उकळतं खनिजयुक्त पाणी बाहेर पडतं अशा जागी, २००१ साली एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले असतात आणि त्या खवल्यांवर लोह आणि गंधकाच्या संयुगाचं कवच. स्वतःच्या शरीरावर असं लोखंडी चिलखत चढवणारा दुसरा प्राणी माहीत नाही. ती जगात मोजक्या ठिकाणी आढळते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१९ मध्ये तिला संकटग्रस्त ठरवलं आणि कारण दिलं खोल समुद्रातल्या खाणकामाचा धोका. या कारणाने यादीत गेलेली ती पहिली जात. तोपर्यंत तिथे एक टनही खनिज व्यापारासाठी काढलेलं नव्हतं. तिची वस्ती माहीत असलेल्या तेव्हाच्या तीन ठिकाणांपैकी दोन ठिकाणी शोधाचे करार मात्र झालेले होते.

अशा उष्ण झऱ्यांजवळ सल्फाइड खनिजं साचतात. त्यांच्या शोधासाठी भारताने २०१६ मध्ये मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी महासागराच्या रांगांवर १०,००० चौरस किलोमीटरचा करार केला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठी तितक्याच क्षेत्राचा दुसरा. गोव्यातलं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र हे काम पाहतं. त्यांच्या आणि चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ च्या अखेरीस साडेचार हजार मीटर खोलीवरच्या अशा एका जिवंत झऱ्याची छायाचित्रं मिळवली. ती पाहून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. काळोखातून धुरासारखा उसळणारा झरा, भारतीय यंत्राने टिपलेला.

चेन्नईच्या संस्थेनेच ‘वराह’ हे खाणयंत्र तयार केलं. एप्रिल २०२१ मध्ये ते मध्य हिंदी महासागरात ५,२७० मीटर खोलीवर तळावर चालवून पाहिलं. त्यानंतर दोनच महिन्यांत, जून २०२१ मध्ये, ४,०७७ कोटी रुपयांच्या ‘डीप ओशन मिशन’ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तिघांना सहा हजार मीटर खोल नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी त्याच योजनेतली. तिचा माणसं बसायचा टायटॅनियमचा गोल आतून २.१ मीटर व्यासाचा. २०२४ मध्ये अंदमानच्या समुद्रात ११७३ मीटर खोलीवरून खाणयंत्राने गोळे गोळा करून दाखवले. जमशेदपूर आणि भुवनेश्वरच्या प्रयोगशाळांत त्यांतून धातू वेगळे काढण्याच्या पद्धती बसवल्या जात आहेत. म्हणजे हात तयार होत आले आहेत.

धातूंची गरज खोटी नाही. भारत कोबाल्ट आणि निकेल जवळजवळ पूर्णपणे बाहेरून आणतो, आणि त्यांच्या शुद्धीकरणावर चीनची पकड आहे. काँगोतल्या कोबाल्ट खाणींत मुलं राबतात. इंडोनेशियात निकेलसाठी जंगलं पडली. परळीचं केंद्र उद्या बंद व्हावं, त्या राखेतून गावं सुटावीत असं मलाही वाटतं, आणि त्यासाठी पवनचक्क्या, सौर पट्ट्या, बॅटऱ्या लागणार. समुद्रातून काढलेला कोबाल्ट निदान कुणा लहान मुलाच्या हातून येणार नाही, असं म्हणणाऱ्यांना झटकून टाकता येत नाही. पण समुद्रात खाण सुरू झाली म्हणून काँगोतली खाण बंद होईल, हे कुणी लिहून देत नाही. भाव पडले तर तिथल्या मजुराची मजुरी आणखी कमी होईल, एवढंच संभवतं. शिवाय बॅटरी बदलते आहे. आमच्या गावातल्या ई-स्कूटरच्या दुकानात विचारलं, तर लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी मागणाऱ्यांबद्दल ऐकायला मिळालं. ती स्वस्त पडते आणि उन्हाला जास्त टिकते म्हणून. त्या बॅटरीत निकेल नसतं आणि कोबाल्टही नसतं. चीनमध्ये ती इतर सर्व प्रकारांच्या पुढे गेली आहे. ज्या धातूसाठी आपण लाखो वर्षांचा थर उचलणार, त्याची मागणी पंधरा वर्षांनी काय असेल हे आज ठामपणे सांगता येत नाही. बीएमडब्ल्यू, व्होल्वो, गूगल आणि सॅमसंगची बॅटरी कंपनी यांनी २०२१ मध्येच समुद्रतळातली खनिजं तूर्त वापरणार नाही असं जाहीर केलं.

गोव्याला खाणींचा अनुभव आहे, आणि तो दोनापावलपासून फार लांब नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींनी डोंगर कापले, विहिरी आटल्या, आणि पावसाळ्यात खाणीचा लाल गाळ भातखाचरांत आणि नद्यांत उतरला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबवल्या, २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. तिथे गावकरी होते, कोर्टात जाणारे कार्यकर्ते होते, गाळ हातात घेऊन दाखवणारे शेतकरी होते. तरी बंदीपर्यंत पोचायला दशकं लागली. पाच हजार मीटर खाली वकीलपत्र द्यायला कुणी नाही.

आणि आता प्रश्न किनाऱ्याजवळही आला आहे. समुद्री खनिजांच्या २००२ च्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने तेरा क्षेत्रांचा पहिला लिलाव पुकारला. गुजरातसमोर चुनखडीचा गाळ, केरळसमोर बांधकामाची वाळू, आणि ग्रेट निकोबारजवळ सात क्षेत्रं याच धातूच्या गोळ्यांची आणि कवचांची. कोल्लमच्या मच्छीमारांनी कडाडून विरोध केला. मार्च २०२५ मध्ये केरळ विधानसभेने एकमताने ठराव करून लिलाव मागे घेण्याची मागणी केली. रत्नागिरीकरांनी याकडे लक्ष ठेवलेलं बरं. काळबादेवी, मिऱ्या, मालगुंड या भागातल्या समुद्री वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज आहे, हे भूवैज्ञानिकांना अनेक दशकं ठाऊक आहे. सह्याद्रीच्या काळ्या दगडातून झिजून ते तिथे गेलं. आमच्या लेण्यांचा दगडही त्याच जातकुळीचा.

किंग्स्टनमध्ये गेली काही वर्षं याच प्रश्नावर रणकंदन चालू आहे. १९६७ मध्ये माल्टाचे आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मांडलं की देशांच्या हद्दींपलीकडचा समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा वारसा आहे. १९८२ च्या सागरी कायद्याने ते तत्त्व स्वीकारलं. भारतासारख्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी ते उचलून धरलं होतं, कारण श्रीमंत देश तळ लुटून नेतील ही भीती खरी होती. २०२१ मध्ये नाउरू या चिमुकल्या बेटाने एका कॅनेडियन कंपनीच्या वतीने दोन वर्षांत नियम करण्याची कायदेशीर मुदत लावली. मुदत संपली, नियम झाले नाहीत, २०२५ च्या जुलैतही झाले नाहीत. दरम्यान एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी प्राधिकरणाला वळसा घालून स्वतःच्या कायद्याखाली परवाने देण्याचा आदेश काढला, आणि तीच कंपनी लगेच अमेरिकेकडे अर्ज घेऊन गेली. दुसऱ्या बाजूला चाळीसच्या आसपास देश स्थगिती किंवा सावध विरामाची मागणी करत आहेत. फ्रान्स, जर्मनी, ब्राझील, चिली, पलाऊ, फिजी त्यांत आहेत. फ्रान्स आणि जर्मनीचे स्वतःचे शोध-करार आहेत, तरीही. भारत त्या यादीत नाही.

माझं म्हणणं असं की असायला हवा. ‘गवेषणी’पासून ‘मत्स्य’पर्यंतचं सगळं शोधकार्य चालू राहावं, वाढावं. महासागराचा तळ जाणून घेणं हे मोठ्या देशाला शोभणारं काम आहे आणि त्यावरचा एक रुपयाही मला जड वाटत नाही. फक्त शोधाच्या पोटात उपशाची घाई शिरू नये. ज्या देशाने स्वतः १९९७ मध्ये जखम करून आठ वर्षं ती पाहिली, त्या देशाकडे बोलायला अधिकार आहे. प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांनी विराम मागितला तर त्यांच्याकडे गमावण्यासारखे करार नाहीत असं म्हणून त्यांना बाजूला सारता येतं. जगातल्या पहिल्या अग्रणी गुंतवणूकदाराने तो मागितला, तर बाजूला सारता येणार नाही.

मध्य हिंदी महासागराच्या गोळ्यांचा आपला करार मार्च २०२७ मध्ये संपतो. पुढची मुदतवाढ मागायची की उपशाच्या परवान्याकडे वळायचं, हे दिल्लीत ठरेल. ते ठरण्याआधी तीन गोष्टी सरकारने उघडपणे कराव्यात. इंडेक्सच्या सर्व नोंदी सामान्य वाचकाला कळतील अशा रीतीने मराठीसह भारतीय भाषांत प्रसिद्ध कराव्यात. त्या पट्टीवर पुन्हा जहाज पाठवावं आणि इतक्या वर्षांनंतर तिथे काय परतलं, काय नाही, हे ‘मत्स्य’मधून माणसाच्या डोळ्यांनी पाहून यावं. आणि ते उत्तर हाती येईपर्यंत ७५,००० चौरस किलोमीटरांपैकी एकाही मीटरवर व्यापारी यंत्र उतरवणार नाही, असं किंग्स्टनमध्ये लेखी द्यावं. देशांच्या हद्दींबाहेरच्या जैवविविधतेच्या करारावर भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली आहे, आणि तो १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. त्या सहीला धरून वागायचं तर यापेक्षा कमी काही करून भागणार नाही.